वारसा कर गरिबांनीच भरावा काय?

२०२४ च्या एप्रिल महिन्यात, लोकसभा निवडणुकीची धुमाळी ऐन रंगात असताना, सॅम पित्रोदा यांनी अमेरिकेतील वारसा कराचा उल्लेख केला आणि देशभर एकच गदारोळ उठला. अमेरिकेत मृताच्या संपत्तीचा निम्म्याहून अधिक हिस्सा सरकारजमा होतो, असे चित्र त्यातून उभे राहिले. सत्ताधारी पक्षाने ते उचलून धरले. वाडवडिलांची घरेदारे आणि बायाबापड्यांची मंगळसूत्रे धोक्यात आल्याची आरोळी ठोकली. विरोधी पक्षाने घाईघाईने हात झटकले. या सगळ्या कोलाहलात एक साधा प्रश्न कोणीही विचारला नाही. अमेरिकेत मृत्यूनंतर सरकार नेमके कोणाच्या घराशी येऊन उभे राहते?

त्या देशाच्या केंद्र सरकारचा इस्टेट टॅक्स आहे, हे खरे. त्याचा दर ४० टक्के आहे, हेही खरे. परंतु तो आकारला जातो सूटमर्यादेच्या वर असलेल्या संपत्तीवर, आणि ही मर्यादा २०२६ साली माणशी दीड कोटी डॉलर आहे. पतिपत्नी दोघांची मिळून ती तीन कोटी डॉलर होते. १९९३ साली हीच मर्यादा सहा लाख डॉलर होती. तेहतीस वर्षांत ती पंचवीसपट झाली. याच काळात तेथील महागाई तिपटीपर्यंतही गेलेली नाही. परिणाम असा की, त्या देशात होणाऱ्या हजार मृत्यूंमागे जेमतेम एकदोन मृतांच्या इस्टेटीला हा कर लागू होतो, आणि ज्यांना तो लागू होतो त्यांच्या पदरी तो चुकवण्याचे मार्ग दाखवणारे वकील असतातच. पेनसिल्व्हेनियासारख्या मोजक्या राज्यांत राज्याचा निराळा वारसा कर आहे. तेथे मुलांना तो साडेचार टक्के पडतो. ज्या भयंकर कराने आपल्या निवडणूक प्रचारात भल्याभल्यांची झोप उडवली, तो एवढाच.

त्याखेरीज श्रीमंतांना मिळालेले आणखी एक वरदान आहे आणि ते १९२१ पासून चालत आले आहे. एखाद्याने दहा लाख डॉलरांना घेतलेले शेअर त्याच्या मृत्यूच्या दिवशी एक कोटी चाळीस लाखांचे झाले, तर मधल्या एक कोटी तीस लाखांच्या भांडवली नफ्यावर प्राप्तिकर कोणीच भरत नाही. मृताने भरलेला नसतो, कारण त्याने शेअर विकले नव्हते. वारस भरत नाही, कारण कायद्याच्या दृष्टीने त्याची खरेदी किंमत म्हणजे मृत्यूच्या दिवशीचा बाजारभाव. मृत्यूच्या आदल्या दिवशी विक्री झाली असती, तर सर्वोच्च दराने तीस लाखांहून अधिक डॉलर तिजोरीत पडले असते. दुसऱ्या दिवशी ते देणे कायमचे माफ! १९७६ साली अमेरिकी काँग्रेसने ही तरतूद काढून टाकण्याचा कायदा केला, १९७८ साली त्याची अंमलबजावणी पुढे ढकलली आणि १९८० साली तो अमलात येण्यापूर्वीच रद्द केला. २०२१ साली बायडेन यांनी दहा लाख डॉलरांपुढील नफ्यापुरती ही माफी काढण्याचे सुचवले, तेव्हा कुटुंबाची शेती बुडेल अशी हाकाटी झाली आणि प्रस्ताव बारगळला. शेतकऱ्याला पुढे करून त्याच्याआड कोट्यधीशाने लपावे, ही युक्ती आपल्याकडच्या साखरसम्राटांनाही नवी नाही.

आता दुसऱ्या घराकडे वळावे. समजा, ओहायो राज्यातील कारखान्याच्या एखाद्या गावात एका कामगार दांपत्याने १९७० साली अठरा हजार डॉलरांना लहानसे घर घेतले. नवरा वारला. बाईने तीस वर्षे धुलाईकेंद्रात काम केले. उतारवयात तिला स्मृतिभ्रंश झाला, एकटीने राहणे अशक्य झाले आणि तिला नर्सिंग होममध्ये ठेवावे लागले. आपल्याकडे नर्सिंग होम म्हणजे डॉक्टरचे छोटे रुग्णालय. तिकडे त्याचा अर्थ परावलंबी वृद्धांचे शुश्रूषागृह असा आहे. स्वतःच्या पैशाने तेथे राहायचे, तर वर्षाचा खर्च लाख डॉलरांच्या घरात जातो. वृद्धांसाठी मेडिकेअर ही सरकारी विमा योजना आहे; परंतु ती रुग्णालयातून आल्यानंतर फार तर शंभर दिवस, तेही कुशल वैद्यकीय शुश्रूषा लागत असेल तरच, हा भार उचलते. न्हाऊमाखू घालणे, घास भरवणे, रात्री उठून भटकणाऱ्या म्हातारीला सांभाळणे, हे त्या योजनेच्या लेखी उपचार नव्हेत. मग उरते मेडिकेड, म्हणजे गरिबांसाठी केंद्र आणि राज्ये मिळून चालवतात ती योजना. शुश्रूषागृहांतील दहांपैकी सहा रहिवाशांचा खर्च याच योजनेतून चालतो.

मेडिकेडचे दार उघडण्यापूर्वी मनुष्याने निष्कांचन झालेले असावे लागते. बहुतेक राज्यांत एकट्या व्यक्तीजवळ दोन हजार डॉलरांहून अधिक शिल्लक चालत नाही. हा आकडा १९८९ पासून जागचा हललेला नाही. दरमहाच्या पेन्शनमधून तिच्या हाती साबण, फणी, मोजे यांसाठी थोडी रक्कम ठेवून बाकी सारी शुश्रूषागृहाकडे जाते. ही हातखर्चाची रक्कम किमान किती असावी, हे केंद्राने १९८० च्या दशकाच्या अखेरीस ठरवले: महिना तीस डॉलर. तोही आकडा तेथेच आहे. काही राज्यांनी स्वतःहून तो वाढवला, इतकेच. राहते घर मात्र तिच्या हयातीत मोजले जात नाही. ती कधीतरी परत येईल, अशी आशा कायदा तिच्या वतीने बाळगतो. घर वाचले, असे मुलांनाही वाटते.

आई जाते. मुलगा किंवा मुलगी घर विकायला काढते. मनात धास्ती असते प्राप्तिकराची. अठरा हजारांचे घर आता एक लाख साठ हजारांना जात असते. जाणकार सांगतो की, काळजी नको. मृत्यूच्या दिवशीचा बाजारभाव हीच तुमची खरेदी किंमत, तेव्हा भांडवली नफा शून्य, कर शून्य. कोट्यधीशांना मिळणारे तेच वरदान येथेही लागू आहे! आणि मग राज्याच्या मेडिकेड खात्याचे पत्र येते. बाईच्या अडीच वर्षांच्या शुश्रूषेवर राज्याने एक लाख ऐंशी हजार डॉलर खर्च केले असून मृताच्या इस्टेटीवर तेवढ्या रकमेचा दावा दाखल करण्यात येत आहे. दाव्याचा निकाल लागेपर्यंत घराचा निर्वेध हक्क खरेदीदाराला देता येत नाही. घरपट्टी, विमा, हिवाळ्यातील तापवणीचा खर्च चालूच राहतो. अखेर विक्री होते. दलाली, थकबाकी, वकील आणि अंत्यविधी यांचे पंचवीस हजार वजा जाता एक लाख पस्तीस हजार उरतात, आणि ते सर्वच्या सर्व राज्य घेते. उरलेल्या पंचेचाळीस हजारांसाठी वारसाला धरता येत नाही, एवढी दया कायद्यात आहे. दीड कोटीपर्यंतच्या वारशावर कर शून्य टक्के. पावणेदोन लाखांच्या आतल्या वारशावर शंभर टक्के. आपल्या भाषेत मेलेल्याच्या टाळूवरचे लोणी खाणे म्हणतात ते याला.

हा कर नव्हे, कर्जाची वसुली आहे, असे त्याचे समर्थक सांगतात. तर मग हे कर्ज कोणाच्या डोक्यावर बसते, ते पाहावे. त्याच गल्लीत शेजारी राहणाऱ्या वृद्धाला हृदयविकार झाला. शस्त्रक्रिया झाली, अतिदक्षता विभागात आठवडे गेले, पुन्हा झटका आला, पुन्हा रुग्णालय झाले. मेडिकेअरने त्याच्यासाठी दोन लाख डॉलर मोजले असतील. त्याच्या मृत्यूनंतर मेडिकेअर त्याच्या घरावर दावा लावत नाही. तो विमा होता, हक्क होता. शेजारणीला मात्र हृदयाऐवजी मेंदूचा आजार झाला आणि तिचा खर्च हक्काच्या रकान्यातून निघून दानधर्माच्या रकान्यात पडला. तोही परतफेडीच्या बोलीवर. दोघांनी आयुष्यभर सारखेच कर भरले होते. कोणता आजार व्हावा, हे दोघांपैकी कोणाच्याच हाती नव्हते. अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असते की, ज्या आपत्तीची शक्यता सर्वांना असते, पण घाला थोड्यांवरच पडतो, आणि पडतो तेव्हा सर्वस्व नेतो, तिच्यासाठीच विमा असतो. शुश्रूषेची दीर्घकालीन गरज ही नेमकी तशी आपत्ती आहे. तीच विम्याबाहेर ठेवायची, आणि मग जिच्यावर ती कोसळली तिच्या घराला कर्जदाराचे घर ठरवायचे!

कायद्यात अपवाद आहेत, नाहीत असे नाही. मागे पती किंवा पत्नी हयात असेल, एकवीस वर्षांखालील अपत्य असेल, अंध वा अपंग अपत्य असेल, तर वसुली थांबते. जी मुलगी आईला शुश्रूषागृहात नेण्यापूर्वी किमान दोन वर्षे त्याच घरात राहून तिची सेवा करत होती आणि त्या सेवेमुळेच आई घरी राहू शकली, तिच्या नावे घर करून देण्यास मुभा आहे. मात्र हे हस्तांतर आईच्या हयातीतच व्हावे लागते आणि सेवेचा पुरावा जोडावा लागतो. नोकरी सोडून आईच्या उशाशी बसलेल्या मुलीला असे काही कलम आहे, हे कळणार कसे? आणि कधी? बहुधा दाव्याचे पत्र आल्यावर. वारसांना विशेष हालअपेष्टा सोसाव्या लागत असतील, तर सवलत देण्याचे बंधनही राज्यांवर आहे. पण हालअपेष्टा म्हणजे काय, हे ज्याने त्याने ठरवायचे.

ज्यांना आधी कळते, ते वाचतात. मेडिकेडसाठी अर्ज केल्यावर मागील साठ महिन्यांचे व्यवहार तपासले जातात. २००६ साली अमलात आलेल्या कायद्याने ही मुदत छत्तीस महिन्यांवरून साठावर नेली. म्हणून जाणता मध्यमवर्गीय सहा वर्षे आधीच वकील गाठतो, घर अपरिवर्तनीय ट्रस्टमध्ये टाकतो. फ्लॉरिडा, टेक्सास, मिशिगन अशा काही राज्यांत तर मालकी शेवटच्या श्वासापर्यंत आपल्याकडे राखून मृत्यूक्षणी घर परस्पर वारसाकडे जाईल, असा दस्त करता येतो. जेथे वसुली केवळ प्रोबेट न्यायालयातून जाणाऱ्या मालमत्तेपुरती मर्यादित आहे, तेथे असे घर दाव्याच्या तावडीतून निसटते. या सल्ल्याचा एक भरभराटीचा धंदाच तेथे उभा आहे. तेव्हा वसुलीच्या जाळ्यात उरतात कोण? ज्यांच्याजवळ घराखेरीज काही नव्हते आणि वकील तर नव्हताच, ते. त्यांत कृष्णवर्णीय कुटुंबांचा विचार स्वतंत्रपणे करायला हवा. कर्ज नाकारून, वस्त्या आखून, पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना घर घेऊ दिले गेले नाही, त्यांच्यापैकी ज्यांनी अखेर ते घेतले, त्यांची पहिलीच मिळकत दुसऱ्या पिढीपर्यंत पोचण्याआधी सरकारजमा होते.

हे पाप एका पक्षाचे नाही, हेही नमूद करणे भाग आहे. १९६५ साली लिंडन जॉन्सन यांच्या कारकीर्दीत मेडिकेड जन्माला आले, तेव्हा पासष्टीपुढील लाभार्थींच्या इस्टेटीतून वसुली करण्याची राज्यांना केवळ मुभा होती. १९८२ साली, रेगन यांच्या अमलात, शुश्रूषागृहातून परत येण्याची शक्यता नसलेल्या रुग्णाच्या घरावर हयातीतच बोजा चढवण्याची परवानगी मिळाली. परंतु वसुली सक्तीची झाली ती १९९३ साली. अध्यक्ष क्लिंटन होते आणि दोन्ही सभागृहांत बहुमत डेमोक्रॅटिक पक्षाचे होते. तूट कमी करण्याच्या अर्थसंकल्पी कायद्यात हे कलम घातले गेले आणि वयाची अट पंचावन्नवर आणली गेली. वेस्ट व्हर्जिनिया या खाणकामगारांच्या गरीब राज्याला ते इतके लागले की, त्याने केंद्र सरकारविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. वसुली करा, नाहीतर मेडिकेडचा निधी गमवा, ही जबरदस्ती घटनाबाह्य आहे, असे त्याचे म्हणणे होते. २००२ साली अपील न्यायालयाने ते फेटाळले.

बरे, एवढे करून तिजोरीत पडते किती? मेडिकेडविषयी काँग्रेसला सल्ला देणारा मॅकपॅक हा अधिकृत आयोग आहे. त्याच्या २०२१ च्या अहवालानुसार २०१९ या आर्थिक वर्षात साऱ्या राज्यांनी मिळून सुमारे ७३ कोटी ३० लाख डॉलर वसूल केले. दीर्घकालीन शुश्रूषेवरील खर्चाच्या तुलनेत हा आकडा एक टक्काही भरत नाही. याला दात कोरून पोट भरणे म्हणावे. त्यातही एक विपरीत प्रकार आहे. जेथे मेडिकेडचा कारभार खासगी विमा कंपन्यांकडे सोपवला आहे, तेथे राज्य त्या कंपनीला माणशी ठरावीक मासिक हप्ता देते आणि वारसाकडे मागते तो हप्ता. मग त्या महिन्यांत वृद्धाला प्रत्यक्ष सेवा मिळाली असो वा नसो. कंपनीचा नफा तिच्याकडे राहतो आणि त्याची भरपाई मृताचे घर करते. आयोगाने याच अहवालात शिफारस केली की, वसुलीची सक्ती काढून ती राज्यांच्या इच्छेवर सोडावी. २०२२ साली इलिनॉयच्या प्रतिनिधी जॅन शाकोव्स्की यांनी ही वसुलीच बंद करणारे विधेयक मांडले. ते मंजूर झाले नाही. कॅलिफोर्नियाने २०१७ पासून आणि मॅसॅच्युसेट्सने २०२४ च्या कायद्याने आपली वसुली आखडती घेतली, एवढेच पदरात पडले.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो समाजवादी गोटातूनच येईल. वारशाने मिळणारी संपत्ती ही विषमतेची जननी आहे, असे आपण शंभर वर्षे सांगत आलो. मग मुलाने न कमावलेल्या घरातून सार्वजनिक पैसा वसूल झाला, तर बिघडले कुठे? ज्या कामगाराच्या आईला घरच नव्हते, त्याने भरलेल्या करातून दुसऱ्याच्या मुलाला घर का मिळावे?

हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. घर नसलेल्याची बाजू त्यात आहे, आणि त्या बाजूने विचार करणे हे समाजवाद्याचे कर्तव्यच आहे. परंतु वारशावरील कराचे समर्थन ज्या तत्त्वावर उभे आहे, ते तत्त्व असे की, वारसा जितका मोठा, तितका समाजाचा वाटा मोठा. अमेरिकेतील ही वसुली वारशाचा आकार पाहतच नाही; ती पाहते मृताचा आजार. आई झटक्यात गेली तर घर मुलाचे, आई चार वर्षे झिजून गेली तर घर सरकारचे. आईच्या मरणाच्या प्रकारावर आकारला जाणारा हा कर प्रगतिशील तर नाहीच, त्याला प्रतिगामी म्हणणेही सौम्य ठरेल, कारण ज्या स्तरावर दीड कोटींची सूट पोचते, त्या स्तराला तो शिवतच नाही. घर नसलेल्या कामगाराला खरोखर न्याय द्यायचा असेल, तर तो शेजारणीच्या दोन खोल्या विकून मिळणार नाही. टेकडीवरच्या बंगल्यातील माफ झालेले तीस लाख डॉलर त्यासाठी वसूल करावे लागतील. गरिबाला गरिबाचा लेखापरीक्षक नेमायचे आणि वरच्या मजल्याचा हिशेब बंद ठेवायचा, ही भांडवलशाहीची जुनी रीत आहे.

आणि तो हिशेब किती उघड आहे, ते पाहायचे असेल, तर ४ जुलै २०२५ रोजी ट्रम्प यांनी स्वाक्षरी केलेला कायदा पाहावा. इस्टेट टॅक्सची सूटमर्यादा दीड कोटी डॉलरांवर नेणारा कायदा तोच. मेडिकेडवरील केंद्राच्या खर्चात दहा वर्षांत ९०० अब्ज डॉलरांहून अधिक कपात करणारा कायदाही तोच. एका हाताने सोडलेले दुसऱ्या हाताने कोणाकडून ओढून घेतले, हे शोधण्यासाठी दोन कागदही उलटावे लागत नाहीत.

अमेरिकेकडे बोट दाखवताना उरलेली बोटे कोणाकडे वळतात, याचाही विचार करावा. भारतात १९५३ पासून इस्टेट ड्यूटी होती. १९८५ साली अर्थमंत्री विश्वनाथ प्रताप सिंह यांनी ती रद्द केली. कारण दिले ते असे की, उत्पन्न जेमतेम २० कोटी आणि त्या मानाने वसुलीचा खर्च जास्त. २०१५ साली अरुण जेटली यांनी संपत्ती कर रद्द केला, तेव्हाही युक्तिवाद तोच. उत्पन्न थोडे आहे, म्हणून श्रीमंतावरील कर रद्द करावा, हे शास्त्र दिल्लीत सर्वमान्य आहे. वॉशिंग्टनमध्ये गरिबाच्या घरावरील वसुलीचे उत्पन्नही थोडेच असले, तरी तेथे ते शास्त्र कोणाला आठवत नाही.

आपल्याकडे सरकार मृताच्या घरावर दावा लावत नाही. त्याने खर्चच केलेला नसतो, तर दावा कशाचा लावणार? महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे. सत्तर वर्षांवरील सर्वांसाठी आयुष्मान भारतची पाच लाखांची हमी २०२४ च्या ऑक्टोबरपासून लागू आहे. दोन्ही योजना रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या उपचारांच्या आहेत. हृदयाची शस्त्रक्रिया त्यांत बसते; पक्षाघाताने सहा वर्षे अंथरुणाला खिळलेल्या वडिलांना कुशीवर वळवणारी सून त्यांत बसत नाही. म्हणजे मेडिकेअरने आखलेली तीच रेघ येथेही आखली गेली आहे. फरक इतकाच की, तेथे घर मृत्यूनंतर जाते, येथे दोन एकरांपैकी एक एकर हयातीतच जाते, आणि सातबारावर त्याची नोंद साध्या खरेदीखताची होते.

वारसा कराची मागणी पक्षाच्या व्यासपीठावरून पुन्हा केली जाणार असेल, तर तिचा मसुदा या दोन गोष्टी एकत्र धरूनच तयार व्हावा. कर वारशाच्या आकारावर, तोही राहते घर आणि अल्पभूधारकाची जमीन वगळून; आणि त्यातून येणारा पैसा गावोगावच्या परावलंबी वृद्धांच्या शुश्रूषेसाठी, आशा आणि अंगणवाडी सेविकांना मिळते तसल्या मानधनावर नव्हे, तर पगारी नोकरीवर नेमलेल्या सेविकांच्या हातून खर्च व्हावा. जिल्हा समित्यांनी ही मागणी आपल्या ठरावांत घेण्यापूर्वी आपापल्या तालुक्यात अशी अंथरुणाला खिळलेली माणसे किती आणि त्यांच्यापायी विकली गेलेली जमीन किती, याची घरोघर नोंद करावी. तलाठ्याच्या दप्तरात ती सापडणार नाही.